मधमाशीला डोळे किती?

जळगावात मला लोक ओळखतात ते कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडम म्हणून. पुस्तक उशिरा आणलं की चष्म्याच्या वरून बघणारी बाई, एवढीच माझी कीर्ती. हीच बाई चौदा वर्षं टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न लिहीत होती, हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. समोरच्या घरातले लोक रात्री जेवताना तो कार्यक्रम लावायचे आणि एखादा प्रश्न अडला की खिडकीतून ओरडायचे, "मॅडम, काय हो याचं उत्तर?" मी म्हणायचे, "बाई, मला कुठलं येतंय!" खोटं बोलण्याचा मला इतका सराव झाला की पुढे खरं बोलायची वेळ आली तेव्हा जीभ अडखळली. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आमच्याकडून पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली होती. प्रश्न कोणालाही दाखवायचा नाही, उत्तर कोणालाही सांगायचं नाही आणि स्पर्धकांपैकी कोणी ओळखीचं निघालं तर लगेच कळवायचं. माझ्या यजमानांनाही मी पहिली दोन वर्षं काही बोलले नव्हते. तिसऱ्या वर्षी त्यांनीच विचारलं, "तू रोज दुपारी स्वतःशी चार-चार उत्तरं का पुटपुटतेस?"

लोकांना वाटतं, प्रश्न काढणं म्हणजे पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवायचं. तसं नाही. प्रश्न सुचणं हे निम्म्याहून कमी काम. एका बरोबर उत्तराबरोबर तीन चुकीची उत्तरं लागतात आणि ती तीन लिहिण्यातच खरा घाम निघतो. त्यांना आम्ही 'चकवे' म्हणायचो. चकवा असा हवा की जाणत्या माणसालाही क्षणभर तोच खरा वाटावा, पण तो शंभर टक्के चूक असायला हवा. शिवाय प्रत्येक उत्तराला दोन स्वतंत्र पुस्तकांचा पुरावा जोडायचा, पान क्रमांकासकट. एका पुस्तकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर प्रश्न बाद. मग त्याला पायरी द्यायची. पहिली पायरी लहान मुलालाही चढता यावी अशी. बारावी शेवटची, तिथे भले भले घाबरायचे. माझ्याकडे मुख्यतः वरच्या तीन पायऱ्या असायच्या. 'अवघड प्रश्न हवा असेल तर जळगावच्या बाईंना सांगा,' असं मुंबईच्या ऑफिसात म्हणत. हे ऐकून मी चार दिवस हवेत होते, आता लपवून काय करू!

या कामात टाळ्या मात्र नसतात. उत्तर बरोबर आलं की टाळ्या स्पर्धकाला, चुकलं की हळहळ स्पर्धकासाठी. प्रश्न लिहिणाऱ्याची आठवण लोकांना होते ती फक्त प्रश्न चुकल्यावर.

ती आठवण ठेवणारे एक गृहस्थ धुळ्यात होते. निवृत्त शिक्षक असावेत, कारण पोस्टकार्डावर समास सोडलेला असायचा. एकदा मी प्रश्न काढला की यांपैकी पश्चिमेकडे वाहणारी नदी कोणती, आणि तापीच्या जोडीला चकवा म्हणून घाईत उल्हास नदी टाकली. ती कोकणातून पश्चिमेलाच जाते, हे माझ्या डोक्यातून पार निसटलं आणि तपासणाऱ्यांच्याही. आठवड्यात धुळ्याचं कार्ड हजर : 'आपल्या प्रश्नास दोन उत्तरे बरोबर आहेत. गुण शून्य.' धुळ्याहून ते कार्ड मुंबईला गेलं आणि मुंबईहून माझ्याकडे जळगावला आलं. एसटीनं निघाले असते तर सकाळी जाऊन त्यांची माफी मागून दुपारी जेवायला घरी परतले असते. पण सही केलेली होती. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

पण माझी खरी फजिती केली ती भुईमुगानं.

प्रश्न होता, भुईमुगाची शेंग झाडाच्या कोणत्या भागाला लागते? शेंग जमिनीतून निघते, म्हणून शहरातला माणूस बेधडक 'मुळाला' म्हणतो. खरं तर फूल वर येतं, ते गळून गेलं की त्याच्या जागी एक देठासारखा दांडा फुटतो, तो खाली वाकून मातीत शिरतो आणि त्याच्या टोकाला शेंग धरते. त्या दांड्यांना आऱ्या म्हणतात. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न सहज म्हणून टाकला. तिथली सगळी विद्वान मंडळी 'मूळ' म्हणाली. मी खुशीत त्याला बारावी पायरी दिली आणि पाठवला.

कार्यक्रमात तो आला रावेरकडच्या एका मुलीपुढे. सूत्रसंचालकांनी आवाज खाली आणून प्रश्न वाचला. पुढचे चार पर्याय पडद्यावर यायच्या आत ती म्हणाली, "आऱ्यांना." आणि वर हसून, "हे विचारायचं असतं का?" शेवटची पायरी ती घराची पायरी चढावी तशी चढून गेली. मुंबईहून फोन आला, "बाई, हा बारावीचा प्रश्न होता?"

त्या दिवशी मला कळलं की अवघड ही गोष्ट प्रश्नात नसते, ती ऐकणाऱ्यात असते, आणि मी आयुष्यभर एकाच जातीचे ऐकणारे धरून बसले होते. पुस्तकं वाचणारे. तेव्हा ठरवलं, यापुढे वरच्या पायरीचा प्रश्न आधी पंगतीत जाणार.

पंगत म्हणजे भरिताची. खानदेशात थंडी पडली की शेतावर भरीत पार्टी होते. ती केवळ मेजवानी नसते, तिथे पुढाऱ्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे एका पट्टीवर बसतात. हिरवी लांबट वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून फोडणी द्यायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर केळीच्या पानावर वाढायची. तासभर तोंडं तिखटानं पोळत असतात आणि गप्पा मोकळ्या सुटतात. अशा वेळी कोणी काही विचारलं तर परीक्षेचा वास येत नाही. मी भाकरी मोडता मोडता विचारायचे, "काय हो, अमुक कसं असतं?" पाच-सहा जणांची उत्तरं ऐकायची, कोणी गडबडलं, कोणी झटक्यात सांगितलं ते मनात टिपायचं आणि घरी जाऊन पायरी ठरवायची. कागदावर लिहिलं होतं 'प्रश्न दाखवू नये.' मी दाखवत नव्हते, विचारत होते. माझ्या मनाची मी अशी समजूत घातली होती आणि ती मला फारच पटली होती.

उत्तर मात्र मी कधी सांगितलं नाही. कोणी खनपटीला बसलंच तर "मलाही नाही माहीत हो," म्हणून मोकळी व्हायचे.

आमच्या ग्रंथालयात सुरेशभाऊ म्हणून सहायक होते. त्यांचं शेत पाचोऱ्याजवळ. तिथल्या एका दुपारच्या पंगतीत त्यांच्या थोरल्या बहिणीशी माझी गाठ पडली, शेवंताअक्का. लग्न होऊन पिंपळनेरला गेलेल्या, साठीच्या पुढच्या, शिक्षण सातवीपर्यंत, आणि नजर अशी की समोरच्याच्या पानात मीठ कमी आहे हेही लांबून कळावं. वाढता वाढता त्या प्रत्येकाला काहीतरी विचारत होत्या. मोटारीच्या काचेला आतून घाम का येतो, पावशेर लसणात साधारण पाकळ्या किती. मला वाटलं, ही माझीच जातवाली.

मी त्या दिवशी विचारलं, "मधमाशीला डोळे किती असतात हो?"

"दोन," सुरेशभाऊ म्हणाले. एक जण म्हणाला, "चार असतील." दुसऱ्यानं एकदम हजारावर उडी मारली. पाच कोणी म्हटलं नाही. दोन मोठे डोळे बाजूंना आणि डोक्यावर तीन बारीक, असे पाच. दोन पुस्तकांत पानांसकट नोंद होती. मी मनातल्या मनात बारावी पायरी देऊन टाकली.

भाकरीची परात घेऊन शेवंताअक्का माझ्यापुढे थांबल्या. "मॅडम, आते सांगा ना, कितला डोया शेतस?"

"मलाही नाही माहीत, अक्का."

"माहीत नई तं इचारं कसाले?"

सगळी पंगत हसली. मीही हसले. पण अक्का हसल्या नाहीत. निघताना त्या पुन्हा गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हले समजनं तं माले फोन करज्यात." मी हो म्हटलं आणि अर्थातच फोन केला नाही. प्रश्न मुंबईला गेला, मीही विसरले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मला चित्रीकरणाला पंच म्हणून बोलावलं. उत्तरावर वाद झाला तर निर्णय देण्यासाठी प्रश्न लिहिणाऱ्यांपैकी एकाला स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत ऑफिसच्या माणसांबरोबर बसवत. समोर पडदे, कानाला हेडफोन आणि टेबलावर एक घंटीचं बटण. ते दाबलं की खेळ थांबतो. सकाळी चहाबरोबर त्या दिवशीच्या स्पर्धकांची यादी हातात आली आणि त्यात नाव होतं, शेवंताबाई, पिंपळनेर.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर माझे प्रश्न त्यांच्या वाट्यातून काढून टाकले असते, दोन मिनिटांचं काम. मी गप्प राहिले. का, ते स्पष्ट लिहिते, कारण माझ्या चौदा वर्षांतली मला सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट तीच आहे. मला वाटलं, सातवी शिकलेली बाई, जाईल चौथ्या-पाचव्या पायरीपर्यंत. माझ्या प्रश्नांपर्यंत कुठली पोचतेय! भुईमुगाच्या वेळी कानाला खडा लावला होता, तो केव्हाच गळून पडला होता.

अक्का हिरव्या नऊवारीत येऊन बसल्या आणि चढू लागल्या. सूत्रसंचालकांना त्या 'भाऊ' म्हणत होत्या. कुठलं उत्तर पेपरात वाचलेलं, कुठलं एसटीत शेजारणीकडून ऐकलेलं, कुठलं रेडिओवरचं. प्रत्येक उत्तराबरोबर ते कुठून आलं हेही त्या सांगायच्या, त्यामुळे लोक त्यांच्यावर खूश. सातवी पायरी झाली, आठवी झाली. दहावीला मी हेडफोन कानांवर दाबून धरला. अकरावीला त्यांनी डोळे मिटले, जरा वेळ घेतला आणि बरोबर उत्तर दिलं. सगळा स्टुडिओ उभा राहिला. पिंपळनेरहून आलेली त्यांची सून प्रेक्षकांत बसून रडत होती. खानदेशातलं माणूस बारावीवर आलेलं ते दुसरंच.

आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'मधमाशीला एकूण किती डोळे असतात?'

माझा हात बटणाकडे गेला. बोट त्यावर टेकलं. दाबायचं म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं की ही बाई माझ्या ओळखीची आहे, मी ते लपवलं आणि हा प्रश्न मी वांग्याच्या पंगतीत विचारून बसले आहे. न दाबावं तर अक्का खोट्या पायरीवरून चढून जाणार, आणि त्यांना कदाचित ते कळणारही नाही. पुढे मी काही जणांना सांगितलं की मी बटण दाबतच होते. खरं ते असं की मी दाबलं नव्हतं. अक्का आधी बोलल्या.

"भाऊ, हाऊ सवाल मी ऐकेल शे."

सूत्रसंचालक हसले. "कुठे ऐकलात?"

"पाचोराले. भरीतनी पंगतमा. एक मॅडमनी इचारेल व्हता."

"मग उत्तर येत असेल?"

"येस ना! तेन्हामुयेच तं सांगस. त्या मॅडमले येत नव्हतं, मंग मी सोता शोधेल शे. इतला महिना भेटनात माले. दुसरासले इतला टाईम भेटस का?"

काचेच्या खोलीतली पाच माणसं एकदम माझ्याकडे वळली. कोणी काही विचारण्याची गरजच नव्हती. दर थंडीत जळगावहून पिशवीभर वांगी आणून ऑफिसात वाटणारी बाई त्या खोलीत एकच होती.

आता मी बटण दाबलं. उशिरा, पण दाबलं. बाहेर सेटवर गेले आणि सगळं सांगितलं. अक्का मला पाहून खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि "आवो, ह्याच त्या मॅडम!" असं इतक्या आनंदानं म्हणाल्या की मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

मग वाद झाला. आमचे प्रमुख म्हणाले, उत्तर तर बाईंनी स्वतः शोधलं, कोणी फोडलं नाही, मग हरकत काय? ज्ञान असंच मिळतं. दुसरे म्हणाले, प्रश्न रद्द करा. शेवटी सगळे पंचाकडे बघायला लागले, आणि पंच मीच! अक्कांना ते उत्तर देऊ द्यावं, असं माझं मन आतून ओरडत होतं. माझ्या सगळ्या प्रश्नांत तो एकच असा होता, ज्याच्या उत्तरासाठी कोणी जिवाचं रान केलं होतं. पण समोरच्या बाईनंच निर्णय देऊन टाकला होता. उत्तरासाठी इतरांना पाऊण मिनिट मिळतं, त्यांना महिने मिळाले होते. मी म्हटलं, "प्रश्न रद्द."

"बरोबर शे," अक्का म्हणाल्या.

राखीव पाकीट उघडलं. आत दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला प्रश्न होता, कोणत्या ग्रहाचा एक दिवस, म्हणजे स्वतःभोवतीची एक फेरी, त्याच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो? बुध, शुक्र, मंगळ, गुरू. उत्तर शुक्र. तो स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की तेवढ्यात सूर्याभोवतीची त्याची फेरी पुरी होते. अक्कांनी चारी नावं दोनदा वाचली.

"शुक्रनी चांदनी माले माहीत शे, पहाटले दिसस," त्या म्हणाल्या. "पन तिना दिवस केवढा, ते माले माहीत नई. बोट ठेवीसन सांगानं नई माले. मी आठेच थांबस."

त्या थांबल्या. अकराव्या पायरीचं बक्षीस घेऊन, सूत्रसंचालकांच्या हातावर थोपटून, सुनेबरोबर निघून गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, थंडीमा पाचोराले येज्यात. खोटं बोलनात, त्यानं मी देखस!" खोटं बोललात त्याचं बघून घेते, असं म्हणून खळखळून हसल्या.

पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही. ते योग्यच झालं. चौदा वर्षं एकही प्रश्न फुटला नाही, ही माझी फुशारकी होती. ती फोडली मीच, तीही वांग्यापायी. दोन महिने मी घरात तोंड पाडून बसले. मग यजमान म्हणाले, "आता निदान समोरच्यांना उत्तरं तरी सांग." मी खिडकीतून सांगायला लागले. समोरची मंडळी थक्क झाली, "मॅडम, तुम्हाला एवढं येतं?" खरं सांगते, उत्तर सांगण्यात इतकी मजा असते हे मला साठीनंतर कळलं.

थंडी पडली आणि सुरेशभाऊंचा फोन आला. पाचोऱ्याच्या शेतावर तीच पंगत, काड्यांचा धूर, ठेचलेल्या लसणाचा वास. मी जरा बिचकतच गेले. अक्का वाट बघत बसल्या होत्या. मला पानावर बसूसुद्धा न देता त्यांनी हाताला धरून उन्हात नेलं, कमरेच्या पिशवीतून एक काड्यापेटी काढली आणि एक छोटं काळं भिंग, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसं.

डोंगराकडच्या पाड्यांवरच्या बाया पिंपळनेरच्या बाजारात मध विकायला आणतात. त्या मधात एखादी मेलेली माशी सापडतेच. अक्कांनी ती कोमट पाण्यात धुतली होती आणि बाजारातल्या घड्याळवाल्याच्या दुकानात जाऊन त्याचं भिंग मागून, त्याची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून डोळे मोजले होते. बक्षिसातून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती हे भिंग. काड्यापेटीतली माशी मात्र नवी होती. "जुनी मोडी गई. बठ्ठा गावनी देखी ना!" बठ्ठा म्हणजे सगळ्या.

मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही मोजेल शेत का कधी?"

"पुस्तकात वाचलंय अक्का. दोन पुस्तकांत."

"पुस्तकमा नई. डोयाघाई."

मी नाही म्हणून मान हलवली. बाराव्या पायरीचे कितीतरी प्रश्न लिहिले, पण एकाचंही उत्तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

अक्कांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं, माशी तळहातावर घेतली आणि सुईच्या टोकानं तिच्या डोक्यावरची लव बाजूला केली. "हालू नका. दोन मोठला दिसनात का? आते मधमा देखा."

आधी सगळं धूसर होतं. मग श्वास रोखला आणि दिसलं. दोन्ही बाजूंना दोन मोठे तपकिरी डोळे, आणि वर माथ्यावर, लवेच्या मधोमध, त्रिकोणात बसवलेले तीन चकचकीत काळे थेंब. इतके लहान, इतके नेटके. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुन्हा धूसर झाले.

"कितला?" अक्कांनी विचारलं.

"पाच."

त्यांनी भिंग काढून घेतलं, पंगतीकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मॅडमनं बरोबर शे!"

पानांवर बसलेल्या चाळीसएक माणसांनी भरिताच्या हातांनीच माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.